जात आणि सत्ता : रजनी कोठारींचा वारसा



राजकारणात जात शिरली आणि राजकारण नासले, ही तक्रार आपल्या अभ्यासवर्गांतही अधूनमधून ऐकू येते. रजनी कोठारी यांनी १९७० साली संपादित केलेल्या 'कास्ट इन इंडियन पॉलिटिक्स' या ग्रंथात ही तक्रारच उलटी करून तपासली. सत्तेसाठी माणसे संघटित करावी लागतात. ती ज्या बंधनांत आधीच गुंफलेली आहेत त्यांकडे पुढारी वळणारच. पण या व्यवहारात जातही पूर्वीची राहत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

गुजरातेतील क्षत्रिय सभेचा त्यांनी रुशिकेश मारू यांच्यासह केलेला अभ्यास या दृष्टीने आजही वाचण्याजोगा आहे. कुळाचा अभिमान मिरवणारे राजपूत आणि ज्यांना ते कधी बरोबरीचे मानीत नसत ते बारिया, दोघेही 'क्षत्रिय' या एकाच नावाखाली आले. अस्मिता जन्माने ठरते म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते? मात्र त्या सभेचे पुढारपण बहुतांशी राजपुतांकडेच राहिले. नाव सर्वांचे झाले, लगाम थोड्यांच्या हाती. माझ्या मते कोठारींच्या आरंभीच्या मांडणीत या लगामाचा विचार अपुरा आहे.

१९६४ साली त्यांनी काँग्रेसचे वर्णन सर्व हितसंबंधांना पोटात घेणारी एक 'व्यवस्था' असे केले होते. आणीबाणीने त्या विश्वासाला तडा दिला. पुढे १९८० साली त्यांनी 'लोकायन' सुरू केले, नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीत ते उतरले आणि १९८८ साली आलेल्या ग्रंथाला 'स्टेट अगेन्स्ट डेमॉक्रसी' असे नाव दिले. मंडल शिफारशींवरून १९९० साली विद्वानांत रणे माजली, तेव्हा त्यांनी शिफारशींची बाजू घेतली. विद्यापीठीय वर्तुळात हे सोपे नव्हते.

आता जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये घेतला आहे. डॉ. लोहियांचा वारसा सांगणाऱ्या आपण त्याचे स्वागत केले, ते योग्यच. परंतु एका मोठ्या नावाखाली मोजल्या जाणाऱ्यांत कुणाच्या पदरी काय पडते, हा क्षत्रिय सभेतला प्रश्न तसाच उभा आहे. इतर मागासवर्गीयांच्या पोटविभागणीसाठी २०१७ साली नेमलेल्या न्यायमूर्ती रोहिणी आयोगाने २०२३ साली राष्ट्रपतींना अहवाल सादर केला. त्यावरची आपली भूमिका आपण अजून ठरवलेली नाही. आपापल्या तालुक्यात मागासवर्गीयांच्या राखीव जागांवर कोण निवडून आले, त्यांत कुंभार किती, भटके किती, भूमिहीन किती, ही यादी प्रत्येक शाखेने पुढील बैठकीपूर्वी करावी, असे मी सुचवितो.