मुलाचा ताबा : कष्ट कोणाचे, सातबारा कोणाचा?

(भडगाव येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



न्यायालये डोळे झाकून मूल आईच्या पदरात टाकतात आणि बापाच्या वाट्याला दोन तासांची भेट व पोटगीचा हुकूम तेवढा येतो, अशी तक्रार शहरांतील पित्यांच्या संघटना गेली कित्येक वर्षे करीत आहेत. पुरोगामी कार्यकर्ते ती हसण्यावारी नेतात. हे बरे नव्हे. न्यायालयाच्या आवारात, परक्यांदेखत, घड्याळाकडे पाहत स्वतःच्या लेकराशी बोलणाऱ्या बापाचे दुःख खोटे नसते. मात्र त्या दुःखाचे मूळ स्त्रीधार्जिण्या कायद्यात आहे, हे निदान कायद्याचा मजकूर वाचून तरी म्हणता येत नाही.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे सहावे कलम सांगते : अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, ही पुढची पुस्ती. म्हणजे रात्री जागायचे आईने आणि मुलाच्या मिळकतीवर सही बापाची! गिरणाकाठच्या शेतकऱ्याला हे अर्थशास्त्र समजावून सांगायला नको. राबतो सालदार, सातबारा मालकाचा.

विदर्भातील जिजाबाई गजरे यांचा खटला कूळकायद्यातूनच उद्भवला. बाप हयात, पण वर्षानुवर्षे वेगळा राहणारा व बेफिकीर. अज्ञान मुलीच्या जमिनीचा कारभार आईच पाही. तिला नैसर्गिक पालक मानायला सर्वोच्च न्यायालयाचा १९७० चा निर्णय लागला. पुढे गीता हरिहरन यांच्या खटल्यात, १९९९ मध्ये, ‘त्याच्यानंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. तरी पहिला पाट बापाचाच राहिला. दोघांना समान पालकत्व द्यावे, असे विधी आयोगाने १९८९ मध्ये सुचविले. २०१५ मध्ये त्यात संयुक्त ताब्याची शिफारस जोडली. संसदेने ते कलम बदललेले नाही.

ताबा ठरविताना कसोटी असते ती मुलाच्या हिताची. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच बजावले आहे. तेव्हा आजवर सांभाळले कोणी, हे न्यायाधीश पाहणारच. आणि त्याचे उत्तर बहुधा आईच असते. पक्षपात होतो तो न्यायासनाच्या आधी, घरात. ज्या थोड्या बापांनी खरोखर मूल वाढविले, त्यांच्यावर या रूढ समजुतीने अन्याय होतो, हेही मान्य केले पाहिजे. नोकरी करणाऱ्या आईलाही तीच समजूत दोषी ठरवते.

संयुक्त ताबा हे उत्तर म्हणून चांगले. पण त्याला दोन घरे आणि दोन मिळकती लागतात. पोटासाठी सुरतेला गेलेला बाप आणि भडगाव तालुक्यातील माहेरी परतलेली, कापूस वेचणारी आई, यांनी आठवडा कसा वाटून घ्यावा? जळगावची एक तारीख पडली की दोघांचाही रोज बुडतो.

शासनाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे. २०१८ पासून ती पुरुषांना मिळते, पण केवळ एकट्याने मूल सांभाळणाऱ्यांना. इतर बापांना अपत्यजन्माच्या वेळचे १५ दिवस. पित्यांच्या संघटनांनी या १५ दिवसांविरुद्ध मोर्चा काढला, तर कामगार संघटनांनी त्यात बेलाशक सामील व्हावे. आणि सालदाराचे काय? त्याचे लेकरू आजारी पडले, तर त्याचा खाडा धरला जातो.