वराहपालन : स्वस्त खाद्य आणि महाग वाढ
(भाषणाचा मजकूर)



दूरदर्शन भवनामुळे दिल्लीचा कोपर्निकस मार्ग देशाला परिचित आहे. दूरचित्रवाणीवरील ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली परिसरातील ८० निवडक खेड्यांसाठी सुरू झाला. ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी २६ मे २०१५ रोजी आली. उत्पादन वाढविण्याचा मार्ग दाखविणे हे कृषिविस्ताराचे एक काम. त्या वाढीचा खर्च मोजायला शिकविणे हे दुसरे. वराहपालनात हे दुसरे काम अधिक मोलाचे ठरते.

पशुगणनेनुसार २०१२ मध्ये देशात सुमारे १ कोटी ३ लाख वराह होते. २०१९ मध्ये ही संख्या ९०.६ लाखांवर आली. घट सुमारे १२ टक्के. हा व्यवसाय मुख्यत्वे भूमिहीन, आदिवासी व अल्पभूधारक कुटुंबांचा आहे. त्यामुळे या व्यवसायातील तोटा थेट घरखर्चावर येतो.

मांसासाठी वराह वाढविताना एकूण खर्चाचा साधारण ६० ते ७५ टक्के भाग खाद्यावर जातो. साहजिकच पालकाचा ओढा स्वस्त खाद्याकडे असतो. परंतु खरा प्रश्न खाद्याच्या दराचा नसून एक किलो वजनवाढीस किती खर्च आला, हा आहे. एक किलो वाढीसाठी लागणाऱ्या खाद्याच्या प्रमाणास ‘खाद्य रूपांतरण गुणोत्तर’ म्हणतात. समजा, २२ रुपये किलोचे खाद्य ४.५ किलो लागले, तर खर्च ९९ रुपये. ३० रुपये किलोचे संतुलित खाद्य ३ किलो लागले, तर ९० रुपये. वीस किलोचे पिल्लू नव्वद किलोचे होईपर्यंत हा फरक ६३० रुपयांचा होतो. शिवाय वाढ मंदावल्यास विक्री लांबते आणि जनावराच्या केवळ निर्वाहावरच खाद्य खर्ची पडते.

मका व कोंडा ऊर्जा देतात. परंतु लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यांत अपुरे असते. ती उणीव सोयाबीन पेंड भरून काढते. वाढीच्या वयात सुमारे १८ टक्के प्रथिने लागतात. विक्रीच्या सुमारास १४ ते १६ टक्के पुरतात. वय वाढले की मांसाऐवजी चरबी साठू लागते आणि गुणोत्तर बिघडते. म्हणून योग्य वजनास विक्री करणे हीदेखील बचतच होय.

हॉटेलांतील उरलेले अन्न स्वस्त असते. मात्र त्यात पाणी बरेच असते व पोषणमूल्य रोज बदलते. ते पुरेसे उकळले नाही तर रोगप्रसाराचा धोका असतो. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरने हा धडा कठोरपणे दिला. दुसरीकडे, इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढल्याने इंधन आणि पशुखाद्य यांच्यात स्पर्धा निर्माण झाली आहे.

सारांश, सुधारित जात व अनुदान यांच्या जोडीला पालकाच्या हाती वजनकाटा आणि नोंदवही हवी. खाद्याचा दर बाजार ठरवितो. गुणोत्तर मात्र बऱ्याच अंशी पालकाच्या हाती असते.