खिळ्यांची फळी कोणाची?

(घरी बसून कारखान्याचे काम करणाऱ्या बायकांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



ही फळी मी मुद्दाम बरोबर आणली आहे. फिरवा, हातात घ्या. जुन्या प्लायवूडचा तुकडा आहे. वर कागद चिकटवलाय, कागदावर वायरींचा नकाशा आणि प्रत्येक वळणावर एक खिळा. पाच वायरी या खिळ्यांमधून अंथरायच्या, टेप गुंडाळायची, टोके सोलायची, टर्मिनल दाबायचे, दोन ठिकाणी डाग द्यायचा. झाला एक हार्नेस. गाडीत, वॉशिंग मशीनमध्ये असे वायरींचे जुडगे असते. कारखान्यातही अशीच फळी असते, फक्त मोठी. ठेकेदाराने मला नमुना दिला, फळी दिली नाही. ती मी बनवली.

एवढेच नाही. वायरीचे माप घ्यायला पाटावर दोन खिळे ठोकले. रीळ फिरायला झाडूचा दांडा दोन विटांवर ठेवला. तापलेली इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, टेकवायला कपड्याचा हँगर वाकवून फुटक्या फरशीवर बसवला. सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर वायरीशी खेळत बसते." ठेकेदार म्हणायचा, "ताई, घरबसल्या मोकळ्या वेळेचे काम आहे."

मोकळा वेळ! एक दिवस मी मुलीच्या जुन्या वहीत हिशेब मांडला. एका नगाला २ रुपये. दिवसाला ६० नग, म्हणजे १२० रुपये. ६ नग नापास, १२ रुपये गेले. माल आणा-पोचवायला रिक्षाचे २० रुपये. राहिले ८८. मी ८ तास बसले आणि शाळेतून आल्यावर मुलगी २ तास बसली. तासाला पडले ८ रुपये ८० पैसे. विजेचे मी मोजले नाही, कारण २५ वॅटची इस्त्री ८ तासांत युनिटचा पाचवा हिस्साच खाते. आपल्याला महाग पडते ते विजेचे बिल नाही, बायांनो. महाग पडतो तो आपला वेळ, जो कोणी मोजतच नाही.

आणखी एक गोष्ट मोजली नव्हती. कथलाच्या जुन्या प्रकारच्या तारेत सुमारे ४० टक्के शिसे असते. धुरात शिसे फारसे नसते. धूर असतो राळेचा, त्याने डोळे चुरचुरतात आणि काहींना दमा लागतो. शिसे पोटात जाते ते हातावरून. मी त्याच हाताने भाकरी थापत होते, धाकट्याला भरवत होते. लहान मुलाच्या मेंदूला शिसे फार वाईट. हे कळले त्या रात्री झोप लागली नाही. आता काम खिडकीशी, खाण्याच्या भांड्यांपासून लांब करते आणि उठले की आधी साबणाने हात धुते. मुलीला डाग देऊ देत नाही. शिसे नसलेली तार मागतो आहोत, अजून मिळालेली नाही.

कायदा आपल्याला ओळखतच नाही असे कोणी म्हटले तर ऐकू नका. १९४८च्या किमान वेतन कायद्याने माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही कामगार धरले होते. १९६६च्या विडी कायद्यात घरी विड्या वळणारी बाई आली. १९९६ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. कारखान्यातल्या कामगाराच्या बरोबरीने वागवा, मजुरीत, सुरक्षिततेत, संघटना करण्यात, असे तो सांगतो. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आम्ही काय केले? गल्लीतल्या ११ जणींनी वह्या घातल्या. नग, तास, नापास, रिक्षा. मग सगळ्या मिळून ठेकेदाराकडे गेलो. त्याने तीन आठवडे माल बंद केला. ते दिवस कठीण होते. दोघी फुटल्या. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या घरात चूल त्याच पैशावर पेटत होती. पण दुसऱ्या गल्लीत माल द्यायचा तर तिथे फळ्या नव्हत्या, सवयीचे हात नव्हते. चौथ्या आठवड्यात टेम्पो आला. आता माल दारात येतो, दारातच आमच्यासमोर मोजला जातो आणि नापास नग आम्हाला दाखवून बाजूला काढतात. नगाचा भाव मात्र फक्त २५ पैशांनी वाढला. म्हणजे लढाई संपलेली नाही.

त्या तीन आठवड्यांत मला कळले ते सांगते आणि थांबते. ठेकेदाराकडे वायर होती, पण अवजारे आमची, जागा आमची, कसब आमचे. कारखान्याचा अर्धा भाग आमच्या घरात उभा होता आणि आम्ही त्याला मोकळा वेळ म्हणत होतो. घरी जाल तेव्हा आपापली फळी बघा. आणि उद्यापासून वही घाला.