मासा वाढला, मिळकत वाढली काय?

(वाशीम जिल्ह्यांतील शेतकरी व मच्छीमार मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज येथें दोन प्रकारचीं माणसें बसलीं आहेत. एका बाजूस शेतकरी मंडळी. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं आपल्या शेतांत तळें खोदलें आहे. दुसऱ्या बाजूस भोई मंडळी. त्यांचें शेत म्हणजे तलावाचें पाणी आणि नांगर म्हणजे जाळें. सरकार दोघांनाही आतां मत्स्यशेतकरी या एकाच नांवानें हांक मारतें. नांव एक झालें, पण दोघांच्या पदरांत पडतें तें सारखें आहे काय? आणि तलावांत मासा वाढला म्हणजे घरांत पैसा वाढला, असें खरोखर होतें काय? एवढेच दोन प्रश्न मला तुमच्यापुढें ठेवावयाचे आहेत.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला. हा उगमाचा मुलूख आहे. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती, पूस या नद्या येथें जन्मतात आणि मोठ्या होतात त्या दुसऱ्यांच्या गांवीं जाऊन. म्हणून आपल्याकडे बारमाही डोह थोडे. आपला मासा तलावाचा. वाशीमजवळचें एकबुर्जी, सोनल, कारंजाकडचें अडाण आणि गांवोगांवचे लहान तलाव, एवढेंच आपलें माशांचें रान. हे तलाव बांधले ते पिकासाठीं आणि पिण्यासाठीं. मासा त्यांत पाहुणा आहे, हें पहिल्यानें ध्यानांत धरा.

योजना नाहींत असें कोणी म्हणूं नये. १९७३-७४ पासून मत्स्यशेतकरी विकास यंत्रणा निघाल्या. २०१५-१६ त नीलक्रांती आली. २०१६ त आपल्या राज्यांत ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना आली. २०१८ त वाशीम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादींत गेला. त्याच सुमारास किसान क्रेडिट कार्ड मासेवाल्यांनाही खुलें झालें. २०२० त प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. तिचा आंकडा २०,०५० कोटी रुपयांचा. आणि २०२५ सालीं महाराष्ट्र सरकारनें मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा देण्याचें ठरविलें. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्याप्रमाणें सवलत मिळावी हा त्याचा अर्थ. जंत्री मोठी आहे. आतां तिचा हिशेब करूं.

प्रथम शेततळ्याचा. त्या योजनेंतलें मोठ्यांत मोठें तळें ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. म्हणजे पाण्याचा पसारा पाव एकराहूनही कमी. मत्स्यसंपदा योजनेनें देशांतील तळ्यांची सरासरी हेक्टरीं ३ टन धरली आणि ती ५ टनांवर नेण्याचा संकल्प केला. त्या सरासरीनें या तळ्यांत २७० किलो मासा निघावा. किलोस १०० रुपये धरले तर २७,००० रुपये झाले. त्यांतून बीज आणि खाद्य वजा करा. उरेल तें मिठामिरचीला उपयोगी पडेल, पण त्यावर संसार चालणार नाहीं. तेंही पाणी टिकलें तर. सोयाबीन वाळूं लागलें म्हणजे तुम्ही तळ्याला मोटार लावणारच. त्यासाठींच तर तळें खोदलें. तेव्हां शेततळ्यांतील मासा हें जोडपीक आहे. तें जरूर घ्या, पण त्याच्या भरंवशावर कर्ज काढूं नका.

आतां मोठ्या तळ्याचें. नवें तळें बांधण्याचा खर्च मत्स्यसंपदा योजनेंत हेक्टरीं ७ लाख धरला. म्हणजे एकरीं सुमारें २ लाख ८० हजार. सर्वसाधारण माणसास अनुदान ४० टक्के, म्हणजे १ लाख १२ हजार. घरचे घालावयाचे १ लाख ६८ हजार. अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया यांस ६० टक्के. त्यांचा आंकडा नेमका उलटा होतो. आणि अनुदान बहुधा काम झाल्यावर हातीं येतें. ज्याच्यापाशीं जमीन आणि आधींचा पैसा आहे, त्यालाच ही वाट सरळ.

आमच्या भोई बांधवाचें काय? पिढ्यान्‌पिढ्या मासा ओळखणारा तोच. पण त्याच्यापाशीं सातबारा नाहीं, मग तळें कोठें खोदावें? महाराष्ट्रांत तो भटक्या जमातींत मोडतो, म्हणून त्याला ६० टक्क्यांची सवलतही नाहीं. त्याच्या बायकोच्या नांवानें मात्र मिळूं शकते. ज्याला पोहतां येतें त्याला काठावर बसवावें आणि ज्याला येत नाहीं त्याला होडी द्यावी, तसा हा प्रकार होतो.

त्याच्या वांट्यास येतो तो ठेक्याचा तलाव, संस्थेच्या मार्फत. त्याचाही हिशेब घ्या. देशांतील लहान जलाशयांचें उत्पन्न १९९५ च्या पाहणींत हेक्टरीं सुमारें ५० किलो आढळलें होतें. समजा, तलाव १०० हेक्टरांचा आणि संस्थेंत घरें ४०. मासा निघाला ५,००० किलो. घरटी १२५ किलो. किलोस १०० रुपयांनीं १२,५०० रुपये. आतां समजा, योजनेनें बीज दिलें आणि मासा दुप्पट झाला. घरटी २५० किलो. पण सर्वांनीं एकाच आठवड्यांत जाळें टाकलें आणि भाव ६० वर आला, तर हातीं १५,०००. मासा दुप्पट, पण मिळकत अडीच हजारांनीं अधिक. आणि वाढलेल्या बिजाचा, जाळ्याचा खर्च तेवढाही खाऊन टाकतो. कागदावर लिहिलें जातें : उत्पादन शंभर टक्के वाढलें. तें खोटें नाहीं. पण घरच्या चुलीला त्याची खबर नाहीं!

भाव असा कां पडतो? याचें मूळ पाण्यांत आहे. कटला, रोहू, मृगळ यांस किलोच्या आसपास येण्यास आठदहा महिने लागतात. श्रावणांत सोडलेला मासा वैशाखापर्यंत टिकावा. पण रब्बीच्या हरभऱ्यास आणि गव्हास पाट सुटतो, शहराच्या नळास पाणी जातें, आणि तलाव उतरूं लागतो. मग पाव-अर्धा किलोचाच मासा घाईनें काढावा लागतो. सगळ्याच तलावांचें पाणी एकदम उतरतें, म्हणून सगळा मासा एकदम बाजारांत येतो. त्यांत ज्यानें जाळ्यासाठीं आणि बिजासाठीं आगाऊ पैसे दिले, तो व्यापारी कांट्याजवळ उभा असतो. उचल घेतलेल्या माणसाला भाव बोलतां येत नाहीं.

यांत कुणब्याचा दोष नाहीं आणि भोयाचाही नाहीं. दोघे एकाच पाण्याचे धनी आहेत. म्हणून माझें पहिलें सांगणें हें, कीं पाटाचें पाणी ठरतें त्या बैठकींत मच्छीमार संस्थेचा माणूस बसला पाहिजे, आणि मोरीखालचा मृत साठा कोणीं मोटार लावून उपसूं नये, असा गांवानें ठराव करावा. ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींकडे सोंपवितां येतील अशा विषयांत मत्स्यव्यवसाय घातला आहे. तो ग्रामसभेंत बोलण्याचा विषय आहे.

दुसरें, बिजाकडे पाहा. हे मासे सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. पूर्वीं बंगालच्या नद्यांतून बीज आणावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांत टोंचणी देऊन माशांचें प्रजनन करून दाखविलें, तेव्हांपासून बीज हवें तेथें होऊं लागलें. म्हणून तो दिवस मत्स्यशेतकऱ्यांचा मानतात. पण स्वस्त म्हणून बारीक जिरे तलावांत ओतले, तर मरळ आणि वाम यांची मेजवानी होते. सोडावयाची ती बोटाएवढी बोटुकली. संस्थेनें लहान तळ्यांत जिरे वाढवून स्वतःची बोटुकली करावी. कटला वरच्या पाण्यांत चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशीं. सोयाबीनमध्यें तूर घेतां, तसेंच हें मिश्र पीक आहे. गोंदिया जिल्ह्यांत अर्जुनी-मोरगांवकडे ढिवर मंडळींनीं मनीष राजनकर यांच्या साथीनें मालगुजारी तलावांतील बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि गेलेले देशी मासे परत आणले. तेथें पहिल्यानें तलाव सुधारला, मग मासा.

तिसरें, कांटा आणि वही आपल्या हातीं ठेवा. आज कोणीं काढावें, उद्यां कोणीं, हें संस्थेनें ठरवावें. बर्फाची पेटी भागीनें घ्यावी. किती किलो निघाला, काय भावानें गेला, कोणास किती मिळाले, हें दर महिन्यास सर्वांसमक्ष वाचावें. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें आपल्या शाळकरी पोरीला जवळ बसवावें. व्यापाऱ्याच्या उचलीऐवजीं क्रेडिट कार्डाचा अर्ज करावा, आणि विजेचें बिल नव्या दर्जाप्रमाणें येतें कीं नाहीं तें पाहावें.

चौथें, बाजारांत टोपली घेऊन बसते ती बाई. भाव तिला कळतो, गिऱ्हाईक तिला ओळखतें. पण संस्थेच्या यादींत तिचें नांव किती ठिकाणीं आहे? ६० टक्के अनुदानासाठीं तिचा अंगठा पाहिजे आणि बैठकींत तिचा शब्द नको, असें करूं नका. तिला खरी सभासद करा.

पुढच्या वेळीं कोणी साहेब आले आणि उत्पादन किती वाढलें असें विचारूं लागले, तर नम्रपणें सांगा : साहेब, तें लिहून घ्या, पण त्याखालीं आणखी एक ओळ लिहा, घरटी किती रुपये उरले. ती ओळ ज्या दिवशीं सरकारी कागदावर येईल आणि तुमच्या वहीशीं जुळेल, त्या दिवशीं योजना तुमच्या दारीं पोंचली असें मी म्हणेन. तोंपर्यंत वही तरी तुम्हीच लिहा.