बेरेनिस: खाली येताना धावणारं रॉकेट

रॉकेट म्हटलं की आपण वर बघतो ना? आजच्या भागातल्या रॉकेटचं खरं काम मात्र खाली येताना सुरू व्हायचं.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी फ्रान्सनं सहारा वाळवंटात पहिली अणुचाचणी केली. बॉम्ब झाला. पण तो क्षेपणास्त्रातून पाठवायचा, तर वातावरणात परत शिरताना जळून जाता कामा नये. एवढ्या वेगात समोरची हवा दाबली जाते आणि भयंकर तापते. (आपण सरसकट घर्षण म्हणतो, पण मोठा वाटा या दाबाचा असतो.) तिथं कवच टिकलं नाही तर सगळा खर्च पाण्यात.

आता हे तपासायचं कसं? तो वेग गाठणारं मोठं क्षेपणास्त्र तर अजून कागदावरच होतं. तेव्हा ओनेरा या सरकारी संशोधन संस्थेनं भारी युक्ती केली. आधी अंतारेस आणि १९६२ पासून बेरेनिस, दोन्ही चार टप्प्यांची रॉकेटं. भूमध्य समुद्रातल्या इल द्यू लव्हां बेटावरून ती उडायची. सुरुवातीचे टप्पे वर न्यायचे आणि राखून ठेवलेला जोर लावायचा तो परतीच्या वाटेवर, तोंड जमिनीकडे असताना! म्हणजे छोट्या रॉकेटात मोठ्या क्षेपणास्त्राची परीक्षा.

बेरेनिसची उड्डाणं १९६६ पर्यंत चालली. फ्रान्सची एस-२ क्षेपणास्त्रं आल्बियों पठारावरच्या भूमिगत सायलोंमध्ये सज्ज झाली, ती १९७१ मध्ये.