भूकंपानंतर गाव वसविताना



शताब्दीच्या मंगल प्रसंगी भूकंपासारखा विषय का, असे काहींना वाटेल. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असताना, पहाटे हादरलेली किल्लारीची भूमी अफजलपूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. त्या पहाटे सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेथील घरे आपल्या ओळखीचीच होती : दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना जोडणारा आरपार दगड क्वचितच असे. हादऱ्याने थर सुटले आणि दगडांसह माळवदाची जड माती झोपलेल्यांवर कोसळली.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने बावन्न गावे नव्या जागी वसविली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर पक्की घरे उभी राहिली, हे कार्य लहान नव्हे. तथापि सरळ रस्ते आणि सुटे भूखंड यांच्या आखणीत जुनी गल्ली मात्र हरवली. भावकी पांगली, पार मागे राहिला, गावाचा विस्तार कितीतरी पटींनी वाढला. घर मिळाले, शेजार मिळण्यास वर्षे लागली.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या तटबंदीतील जुन्या शहरापुढे हाच प्रश्न उभा राहिला. तेथे नगररचना योजनेचा मार्ग स्वीकारला गेला. प्रत्येक भूखंडातून काही हिस्सा घेऊन अरुंद गल्ल्या रुंद करण्यात आल्या. अगदी लहान भूखंडांना कपातीतून सूट देण्यात आली. आराखड्यांवर रहिवाशांच्या हरकती ऐकून घेण्यात आल्या. तडजोडी झाल्या, विलंबही झाला. पण बहुतेकांना जुन्या वस्तीतच पुन्हा घर बांधता आले.

या दोन अनुभवांतून मला एकच गोष्ट आपणांपुढे मांडावयाची आहे. गावाची आखणी ढिगाऱ्यावर उभे राहून सुरू करता येत नाही. तिचा आधार आधीच तयार असावा लागतो. कोणाचे घर कोठे होते, वाट किती रुंद होती, विहीर कोणाची, पार कोणाचा, याची नोंद नसेल तर आखणारा कोऱ्या कागदावर रेघा ओढणारच. आपल्याच तालुक्यातील गाणगापूर पाहा. दत्तजयंतीला तेथे लोटणारी गर्दी डोळ्यांपुढे आणली, की या नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून या ग्रंथालयास माझी नम्र विनंती आहे. शंभर वर्षे आपण पुस्तके जपलीत. आता गल्ल्याही जपाव्यात. तरुण सभासदांनी जुन्या वस्तीची मापे घ्यावीत, नकाशे काढावेत, छायाचित्रे जमवावीत, वडीलधाऱ्यांच्या आठवणी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून घ्याव्यात. त्यांची एक प्रत येथे असावी आणि दुसरी दूरच्या एखाद्या गावी. सोबतच घराची डागडुजी करताना भिंतीत आरपार दगड घालावेत, माळवदावरील मातीचा भार कमी करावा, हेही घरोघर सांगावे.

भूकंपाचा दिवस कोणास सांगता येत नाही. त्याच्या आधीचे दिवस मात्र आपल्या हातचे आहेत.