परदेशी विद्यार्थ्यांची मराठी आणि वाडीवरील मूल

(कर्जत तालुक्यातील कशेळे येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परकीयांनी मराठी शिकण्याची परंपरा जुनी आहे. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले, तर मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासामागे राज्यकारभाराची आणि धर्मप्रसाराची निकड होती. स्वातंत्र्यानंतर मात्र परदेशी तरुण केवळ विद्यार्थी म्हणून महाराष्ट्रात येऊ लागले.

या नव्या पर्वाचे केंद्र पुणे हे होते. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ पासून आधुनिक भाषाविज्ञानाच्या शिक्षणाला चालना दिली. १९६१ साली अमेरिकेतील विद्यापीठांनी एकत्र येऊन ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ ही संस्था स्थापन केली. डब्ल्यू. नॉर्मन ब्राऊन यांनी त्यात पुढाकार घेतला आणि संस्थेचे भारतातील काम पुण्यातून सुरू झाले. पुढे १९६९ पासून अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघाने पुण्यात आपला अभ्यासक्रम अनेक वर्षे चालविला. त्याचे विद्यार्थी वर्गात मराठी शिकत आणि पुणेकर कुटुंबांत राहत. सकाळी वर्गात घोटलेले वाक्य सायंकाळी स्वयंपाकघरात उपयोगी पडत असे.

या कार्यात डॉ. मॅक्सीन बर्नसन यांचे नाव ठळक आहे. अमेरिकेत जन्मलेल्या बर्नसन १९६६ साली संशोधनासाठी फलटणला आल्या. निरनिराळ्या सामाजिक थरांतील लोकांची मराठी कशी बदलते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्यावर त्यांना १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. लेखिका जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परभाषकांसाठी मराठीचे व्याकरण, शब्दकोश आणि पाठ्यपुस्तके सिद्ध केली. १९७८ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकविणाऱ्या या विदुषीचे लक्ष नंतर फलटणमधील वंचित मुलांच्या वाचन-लेखनाकडे वळले. १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभारली. मुले त्यांना ‘मॅक्सीन मावशी’ म्हणू लागली.

या इतिहासातून निघणारा प्रश्न कशेळे परिसराच्या अगदी जवळचा आहे. परदेशी विद्यार्थ्याला मराठी येत नाही, हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरले जाते. त्याच्यासाठी सोपे संवाद रचले जातात, त्याची चूक हसतमुखाने सुधारली जाते आणि बोलणे अंगवळणी पडेपर्यंत त्याला अवधी मिळतो. भीमाशंकरच्या पायथ्याकडील वाड्यांतून शाळेत येणाऱ्या ठाकूर किंवा कातकरी मुलाला मात्र मराठी येतेच, असे मानले जाते. घरी त्याच्या कानांवर निराळी बोली पडत असते. पुस्तकातील मराठी त्याला अडली की, त्याला मंद ठरविले जाते. ते गप्प बसते, मग गैरहजर राहते आणि एक दिवस त्याचे नाव हजेरीपटापुरते उरते.

कायद्याने या मुलाची बाजू घेतली आहे. भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. परंतु कायद्याचा शब्द वर्गात उतरतो तो शिक्षकाच्या वागण्यातून.

त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिलीच्या आरंभी मुलाला त्याच्या बोलीत मोकळेपणी बोलू द्यावे. शिक्षकाने वाडीवरील शब्दांची वही ठेवावी आणि घरच्या शब्दाशेजारी पुस्तकातील शब्द फळ्यावर लिहावा. एक शब्द शुद्ध आणि दुसरा अशुद्ध, असा शेरा मारू नये. ग्रामपंचायतीने व शाळा व्यवस्थापन समितीने वाडीतील जाणत्या स्त्री-पुरुषांना गोष्टी सांगण्यासाठी शाळेत सन्मानाने बोलवावे. पुण्यातील घरांनी जे काम परदेशी पाहुण्यांसाठी केले, तेच येथे शाळेने वाडीसाठी करावयाचे आहे.

सातासमुद्रापलीकडून आलेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्राने धीराने मराठी शिकविली, ही अभिमानाची गोष्ट आहे. तोच धीर डोंगरापलीकडून चालत येणाऱ्या मुलाच्याही वाट्याला आला पाहिजे.